तिकीट सोडवू नका

पोस्टाची तिकिटं जमवायला लागलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो पाण्याचा. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट अलगद सुटलं की टिपकागदावर पालथं वाळवायचं. परदेशी वकिलातींच्या फीची तिकिटं जमवायला निघालात तर हा धडा आधी विसरा. या तिकिटांना पाणी लावलं की तिकीट जातं आणि ज्या कागदावर ते होतं तो कागदही जातो. पुढे बरंच काही सांगणार आहे, पण त्यातलं एकच लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा: तिकीट सोडवू नका.

वकिलातीत माणूस कामासाठी जातो. व्हिसा हवा असतो, पासपोर्टाची मुदत वाढवायची असते, मुखत्यारपत्र प्रमाणित करून घ्यायचं असतं, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद करायची असते. पूर्वी जहाजाचे कागद आणि निर्यातीची बिलंसुद्धा तिथूनच सही होऊन यायची. प्रत्येक कामाची फी ठरलेली. ती रोख भरली की कारकून तेवढ्या रकमेची तिकिटं कागदावर चिकटवायचा, त्यावर वकिलातीचा शिक्का असा मारायचा की अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटेल, आणि नोंदवहीतला क्रमांक बाजूला लिहायचा. पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही आपण सगळ्यांनीच केलेली आहे. यूपीएससीच्या अर्जावर लावायची सेंट्रल रिक्रूटमेंट फीची तिकिटंही काहींना आठवत असतील. वकिलातीचं तिकीट याच कुळातलं, फक्त ते परमुलखात चिकटवलं गेलेलं.

याची गरज का पडली, तर फीचे पैसे कोणाच्या खिशात जातात हा जुना प्रश्न होता. अमेरिकेचे कितीतरी वकील, म्हणजे कॉन्सल, एके काळी गोळा केलेल्या फीवरच गुजराण करत. ५ एप्रिल १९०६ च्या कायद्याने त्यांना पगार बांधून दिला, फी सरकारी तिजोरीत वळवली आणि प्रत्येक फीमागे तिकीट लावणं सक्तीचं केलं. त्याच वर्षीच्या जूनपासून ही तिकिटं वापरात आली ती १९५५ पर्यंत चालली. पहिल्या मालिकेत २५ आणि ५० सेंट, १, २, अडीच आणि ५ डॉलर वगैरे किमती होत्या. अडीच डॉलरचं तिकीट सगळ्यात जास्त सापडतं, कारण अमेरिकेला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलाला, ज्याला कॉन्स्युलर इन्व्हॉइस म्हणत, तेवढीच फी होती. मुंबईच्या निर्यातदारांच्या जुन्या फायलींत हे तिकीट दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ब्रिटनने मात्र हे अमेरिकेच्या वीस वर्षं आधी केलं होतं. ‘कॉन्स्युलर सर्व्हिस’ असं छापलेली, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याची त्यांची तिकिटं १८८६ च्या सुमाराची.

आता आपल्या दिवा गावाचा आणि या तिकिटांचा संबंध काय?

दिवा जंक्शनवरून रोह्याची गाडी सुटते, सावंतवाडीची सुटते. इथल्या चाळींतून आणि नव्या इमारतींतून रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली घरंच्या घरं राहतात, आणि पुढचं स्टेशन मुंब्रा. या पट्ट्यात आखातात नोकरी केलेला माणूस शोधावा लागत नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातून वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर, आचारी, टेलर गेले. तेव्हाचे पासपोर्ट आज त्यांच्या घरी ट्रंकेत किंवा गोदरेजच्या कपाटात, एलआयसीच्या पॉलिसीखाली पडलेले आहेत. त्या पासपोर्टांच्या व्हिसाच्या पानांवर आखाती देशांच्या मुंबईतल्या वकिलातींनी चिकटवलेली तिकिटं आहेत. बाजारात पैसे मोजून घ्यायच्या आधी ही पानं बघा. जगभरचे संग्राहक ब्रिटिश आणि अमेरिकन तिकिटांच्या मागे लागलेले असतात. आपल्या गल्लीत जे आहे त्याची नीट नोंद कोणी केलेली नाही. शिवाय ज्याच्या पासपोर्टावर तिकीट आहे तो माणूस समोर बसून सांगू शकतो की त्या दिवशी काय झालं होतं. ही सोय १९१० च्या कागदाला नसते.

मागायचं कसं, हेही सांगायला हवं. ‘तुमचा जुना पासपोर्ट दाखवा’ असं म्हणत कोणाच्या दारात जाऊ नका. एजंटांनी फसवलेली, व्हिसाच्या नावाखाली पैसे बुडालेली घरं याच गल्ल्यांत आहेत. पासपोर्ट मागणाऱ्याकडे ती संशयाने बघणारच. आधी नोकरीचं विचारा. कुठे होता मामा, कंपनी कोणती, पहिला पगार किती, मेसमध्ये जेवण कोण करायचं. चहा होईपर्यंत ते स्वतःच उठून पासपोर्ट काढतात. मुंब्र्यात चाचांकडे गेलात तरी तसंच. घरातल्या बाईंनाही विचारा. नवरा तिकडे असताना पत्रं, ड्राफ्टच्या पावत्या, जुने पासपोर्ट हे सगळं बहुतेक वेळा त्यांनीच जपलेलं असतं, आणि कुठलं कुठे आहे हे त्यांनाच माहीत असतं.

पान वाचायचं कसं

समजा तुमच्यासमोर ऐंशीच्या दशकातल्या सौदी व्हिसाचं पान आहे. आधी व्हिसाचा ठसा बघा. अरबी मजकुराची चौकट रबरी शिक्क्याने उमटवलेली आणि मधल्या जागा बॉलपेनने भरलेल्या. चौकटीच्या आसपास किंवा तिच्या अंगावर एक, दोन, कधी तीन तिकिटं. त्यांवरून गेलेला गोल शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. भिंग घ्या आणि शिक्क्याची कड तिकिटावरून कागदावर कुठे उतरते ते पाहा. शाई तिकिटाच्या दातेरी कडेशी अडखळते, दातांच्या खाचांत थोडी साठते आणि पुढे कागदावर चालू राहते. ही सलग रेघ म्हणजे तिकीट त्याच पानावर, त्याच दिवशी लागलं याची खूण. रेघ तिकिटाच्या कडेला तुटली आणि कागदावर पुढे सरकलीच नाही, तर तिकीट नंतर कोणीतरी आणून लावलं असण्याची शक्यता आहे.

मग आकडे. अरबी आकडे वाचता येणं हे या छंदातलं सगळ्यात स्वस्त कौशल्य आहे, अर्ध्या तासात येतं. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्याला शून्य वाटेल तो पोकळ गोल म्हणजे पाच. सात हा वर उघडा कोन, आठ हा खाली उघडा कोन. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो आणि इथेच नवखे चुकतात. चार म्हणजे इंग्रजी तीन उलट्या तोंडाचा. एक आणि नऊ ओळखीचेच वाटतील. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे, मजकूर मात्र उजवीकडून.

सौदी कागदांवर तारीख हिजरी असते. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने मिळतो. १४०३ चे १३६१ होतात, त्यात ६२२ मिळवले की १९८३. नेमका महिना हवा असेल तर हिजरी आणि इसवी तारखांचं कोष्टक लागेल, पण पासपोर्टात ते बहुधा लागत नाही. त्याच किंवा पुढच्या पानावर मुंबई विमानतळाचा प्रस्थानाचा शिक्का इंग्रजी तारखेसह असतो. व्हिसा, एमिग्रेशन क्लिअरन्स, प्रस्थान, तिकडचा आगमनाचा शिक्का या क्रमाने पानं लावलीत की माणसाचा प्रवास उभा राहतो आणि तिकिटाची तारीखही पक्की होते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानंतरचे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे शिक्के हे फीचं तिकीट नव्हेत, तरी नोंदीत घ्या. ‘ईसीएनआर’चा, म्हणजे या क्लिअरन्समधून सूट देणारा शिक्का मिळवण्यासाठी लोकांनी काय काय केलं हे ऐकण्यासारखं असतं.

पुढची तपासणी बेरजेची. कागदावर फीची रक्कम लिहिलेली असेल तर तिकिटांची बेरीज तेवढीच यायला हवी. अमेरिकन कागदांवर हे फार स्पष्ट दिसतं. सेवेचा क्रमांक, दरपत्रकातला क्रमांक, फी आणि कधी स्थानिक चलनातली रक्कम असा वेगळा ठसाच असतो. १९२० नंतर बराच काळ त्यांचा व्हिसा ९ डॉलर आणि अर्जाचा १ डॉलर असा दहा डॉलरला पडायचा. तेव्हाच्या कागदावर फी दहा लिहिलेली आणि तिकीट एकच, पाच डॉलरचं, असं असेल तर शेजारी फिकट चौकोन दिसतो का बघा. उन्हाने किंवा धुळीने भोवतालचा कागद पिवळा पडतो आणि तिकीट असलेली जागा उजळ राहते. एक तिकीट कोणीतरी काढून नेलेलं असतं. अशी पानं स्वस्तात मिळतात आणि ती स्वस्तातच घ्यावीत.

आखाताच्या पासपोर्टांत एक वर्ष विशेष लक्ष देऊन शोधा. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि तिथले आपले लोक अडकले. एक लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आणलं गेलं. त्या घाईतल्या पासपोर्टांत कुवेतचा जुना निवासाचा शिक्का, मग इराकमार्गे झालेला प्रवास, जॉर्डनचे शिक्के, आणि त्यानंतर काही महिने किंवा वर्ष रिकामं. मग पुन्हा नव्या व्हिसाचं तिकीट, कधी कुवेतचंच. एवढ्या चार पानांवर एखादा संग्रह उभा राहू शकतो. काहींचा पासपोर्ट मालकाच्या ताब्यात राहिला आणि ते तात्पुरत्या प्रमाणपत्रावर परतले. तो एकपानी कागद मिळाला तर तोही तितकाच जपण्याजोगा.

आणखी मागच्या काळात जायचं असेल तर

घरात त्याहून जुना पासपोर्ट निघाला, कापडी पुठ्ठ्याचा आणि वर ‘इंडियन एम्पायर’ छापलेला, तर तुम्ही नशीबवान. बसरा, बुशहर, बहारीन, मस्कत इकडे स्वातंत्र्याआधीही मुंबईची आणि कोकणची माणसं होती. त्या काळात कुवेत-बहारीनचं पोस्ट हिंदुस्थानातून चालायचं. आपल्याच पोस्टाच्या तिकिटांवर ‘कुवेत’ आणि ‘बहारीन’ असा वरून छाप मारून ती तिथे विकली जात, कुवेतमध्ये १९२३ पासून आणि बहारीनमध्ये १९३३ पासून. रुपया तर तिथे स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला, कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आणि बहारीनमध्ये १९६५ पर्यंत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या. मुंबईहून जेद्द्याला जाणारी हजची जहाजं १९९५ पर्यंत चालू होती, त्यामुळे यात्रेकरूंचे पासही या भागात सापडतात. हे सगळं तिकिटाच्या बाहेरचं असलं तरी तिकिटाच्या शेजारीच ठेवायचं.

असा जुना पासपोर्ट हाती आला की मुदतवाढीचं पान उघडा. मुदत मुंबई सरकारने वाढवली असेल तर तिथे वकिलातीचं तिकीट नसणार. ‘कॉन्स्युलर सर्व्हिस’चं तिकीट दिसलं, तर पासपोर्टधारक त्या दिवशी हिंदुस्थानाबाहेर एखाद्या ब्रिटिश वकिलातीत उभा होता. कुठल्या, ते शिक्क्यावर वाचा. एकेका कुटुंबात ‘आजोबा कुठेतरी इराणकडे होते’ एवढंच माहीत असतं, आणि या पानावर गाव आणि तारीख दोन्ही असतात.

गोव्याच्या बाजूचा धागाही मोठा आहे. १९६१ पर्यंत गोवा परदेश. मुंबईत पोर्तुगीज वकिलात होती आणि पणजीत स्वातंत्र्यानंतर भारताची वकिलात होती, ती १९५५ च्या सप्टेंबरात बंद झाली. मुंबईत राहणाऱ्या गोंयकाराने गावच्या जमिनीसाठी केलेलं मुखत्यारपत्र, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, जहाजांवर नोकरी करणाऱ्या तारवट्यांचे कागद यांत पोर्तुगीज वकिलातीच्या फीची तिकिटं असू शकतात. गोव्याच्या आणि सावंतवाडीच्या घरांत जुन्या वाटणीच्या फायली निघतात तेव्हा सगळी फायल चाळा. तिकीट बहुधा शेवटच्या पानाच्या पाठीवर असतं, कारण वकिलातीचं प्रमाणीकरण सगळ्यांत शेवटी होतं.

स्वतंत्र भारताच्या वकिलातींचं म्हणाल तर त्यांना शपथ देण्याचा, नोटरीची कामं करण्याचा आणि त्याची फी घेण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याने दिला. परदेशात नूतनीकरण झालेल्या भारतीय पासपोर्टांची शेवटची पानं त्यासाठी तपासा. आणि आज ‘अटेस्टेशन’ म्हणून जो प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे त्याकडेही संग्राहकाच्या नजरेने पाहा. प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग वकिलातीत. १४ जुलै २००५ पासून भारत अपॉस्टिलच्या करारात आहे, म्हणून करारातल्या देशांसाठी वकिलातीची पायरी गळाली. ओमान २०१२ मध्ये त्यात आला, बहारीन २०१३ मध्ये, सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरात. यूएई, कुवेत, कतार यांना मात्र वकिलातीचा शिक्का लागत आला आहे. म्हणजे एकाच माणसाच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या पाठीवर सौदीसाठी २०१५ मध्ये केलेलं वकिलातीचं प्रमाणीकरण आणि २०२३ मध्ये केलेला अपॉस्टिलचा चौकोनी स्टिकर शेजारी शेजारी सापडू शकतात. एका कागदावर एक पद्धत संपून दुसरी सुरू होते. हे आज फुकट मिळतंय.

सांभाळायचं कसं

पहिली गोष्ट, लॅमिनेशन नको. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात शाळेच्या दाखल्यापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळं लॅमिनेट करून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, आणि ती प्रेमापोटी असते. पण गरम रोलरखालून गेलेलं तिकीट परत कधीच मोकळं होत नाही. शाई पसरते, आत अडकलेल्या ओलाव्याने बुरशी धरते. सेलोटेपही नको, दोन-चार पावसाळ्यांत तो पिवळा होतो आणि त्याचा डिंक कागदात मुरतो. स्टेपल, पंच, गोंद, फेव्हिकॉल यांतलं काहीही मूळ कागदाला लावायचं नाही.

पाण्याची भीती मी सुरुवातीला घातली, तिचं कारण इथे सांगतो. लंडनच्या डे ला रू कंपनीने ब्रिटिश साम्राज्यासाठी महसुली तिकिटं छापताना मुद्दाम कच्ची शाई वापरली. विशेषतः जांभळी आणि हिरवी शाई पाणी किंवा रसायन लागताच उडते. वापरलेलं तिकीट धुऊन पुन्हा लावता येऊ नये, हाच हेतू. संग्राहकाने सद्हेतूने धुतलं तरी शाईला ते कळत नाही. शिक्का आणि हाताने लिहिलेला क्रमांकही त्याच पाण्यात वाहतात, आणि सुटं तिकीट हातात घेतलंत तरी ते बसऱ्याचं की लंडनचं हे सांगायला काहीच उरत नाही.

दिव्याच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. खाडी जवळ, पावसाळ्यात सखल भागात पाणी भरतं, तळमजल्याच्या खोल्यांच्या भिंती दिवाळीपर्यंत ओल सोडत नाहीत. संग्रह कमरेच्या वर, भिंतीला न टेकवता ठेवा. पलंगाखालचा कप्पा नको आणि पत्र्याखालचा माळाही नको, तिथे मे महिन्यात कागद भाजून निघतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या. स्वस्त मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांना येणारा वास हीच त्यांची ओळख, त्या शाई ओढून घेतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वाळवा. डांबरगोळ्या कागदाला किंवा प्लॅस्टिकला लागून ठेवू नका. कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त बघण्यातच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात खोली कोरडी असते तेव्हा सगळं बाहेर काढा, सावलीत पंख्याखाली पानं उलटा, वेळ पडली तर मऊ ब्रशने झटका. थेट उन्हात मात्र काहीही टाकायचं नाही.

साहित्य फार लागत नाही. चपट्या टोकाचा चिमटा, दहापट भिंग, मऊ पेन्सिल, स्कॅनर किंवा चांगला मोबाइल. पासपोर्ट शिवणीपर्यंत ताणून सपाट करू नका. दोन पुस्तकांच्या आधाराने जेवढा उघडेल तेवढा उघडून फोटो घ्या. प्रत्येक तिकिटाचा जवळून एक आणि पूर्ण पानाचा एक असे फोटो हवेत. माहिती मूळ पानावर लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा.

कायद्याच्या दोन गोष्टी टाळता येणार नाहीत. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट नेहमीच केंद्र सरकारची मालमत्ता असतो. कोपरा कापून, रद्द करून परत दिलेला पासपोर्ट लोक घरी जपतात, पण त्यातलं पान फाडणं, तिकीट कापून विकणं याच्या वाटेला जाऊ नये. हयात माणसाचा भारतीय पासपोर्ट विकत घेऊ नका. घरच्यांच्याच ताब्यात राहू द्या, फोटो आणि नोंद तुम्ही ठेवा. या शाखेत तेवढ्याने संग्रह होतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकताना पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, पत्ता झाका. दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने दस्तऐवज येऊ शकतात आणि अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी लिलावात विकायच्या भरात स्पीड पोस्टाच्या खिडकीवर जाऊ नका.

विकत घ्यायचं झालं तर रद्दीवाल्याला सांगून ठेवणं हा जुना मार्ग अजून चालतो. वकिलांची, जहाज एजंटांची, निर्यातदारांची ऑफिसं बंद होतात तेव्हा फायली किलोवर जातात. मुंबईत चोरबाजारात जुन्या कागदांचे गठ्ठे दिसतात. तिथे घाई दाखवलीत की भाव वाढतो. ऑनलाइन घेताना कोऱ्या, चकचकीत वकिलाती तिकिटांपासून सावध राहा. ही तिकिटं कारकून स्वतः चिकटवायचा, गिऱ्हाइकाला कोरी विकत नसत, त्यामुळे कोरं तिकीट आलं कुठून हा प्रश्न विचारायलाच हवा. पेनची रेघ रसायनाने काढून ‘न वापरलेलं’ म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली पुसलेली रेघ बहुतेक वेळा दिसते. वापरलेल्या सरकारी तिकिटावरची रद्द केल्याची खूण पुसणं हा आपल्याकडे गुन्हाही आहे.

पोस्टाच्या तिकिटांवरून इकडे येणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज असतो: पेनने खरडलेलं, भोक पडलेलं तिकीट म्हणजे खराब. महसुली तिकिटांत तेच रीतसर. भारतीय मुद्रांक कायदा तिकिटावर आडवं लिहून ते पुन्हा वापरता येणार नाही असं करायला सांगतो. कोर्ट फीच्या तिकिटाबाबत तर १८७० च्या कायद्यात स्पष्टच आहे की मुखवटा पंच करून काढायचा, किमतीचा आकडा शाबूत ठेवायचा आणि निघालेला तुकडा नष्ट करायचा. राजाचं डोकं नसलेलं तिकीट कोणी ‘डॅमेज’ म्हणून कवडीमोल देत असेल तर हसू आवरून घेऊन टाका. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी अशा संस्थानांची कोर्ट फीची तिकिटं हा शेजारचा आणि आपल्याला भाषेने जवळचा प्रांत. त्यासाठी कोपेल आणि मॅनर्स यांचा संस्थानी तिकिटांवरचा ग्रंथ बघावा. ब्रिटिश तिकिटांसाठी बेअरफूटचे कॅटलॉग, अमेरिकनांसाठी स्कॉटचा स्पेशलाइज्ड कॅटलॉग, त्यात ही तिकिटं ‘आरके’ या अक्षरांखाली येतात. सगळ्या जगाची जुनी महसुली तिकिटं एका जागी पाहायची असतील तर १९१५ चा फोर्बिनचा फ्रेंच कॅटलॉग. आखाती तिकिटांसाठी यांतलं काहीच फारसं पुरणार नाही, तिथे तुमची वहीच कॅटलॉग.

संग्रह लोकांसमोर मांडायचा असेल तर महापेक्ससारख्या प्रदर्शनांची नियमावली मागवून घ्या. फिलाटेलीच्या प्रदर्शनांत ‘रेव्हेन्यू’ हा वेगळा वर्ग असतो, आणि सुरुवातीला एका फ्रेमचा, म्हणजे सोळा पानांचा प्रवेश पुरतो. विषय अरुंद ठेवा. ‘जगातली वकिलाती तिकिटं’ असं मांडलंत तर कोणी थांबणार नाही. ‘मुंबईतल्या कुवेत वकिलातीचे व्हिसा, १९७५ ते १९९०’ असं मांडलंत तर परीक्षकही चष्मा सारखा करून वाकतो. घरच्यांनी मूळ पासपोर्ट द्यायला नकार दिला तर रंगीत प्रत लावता येते, पण ती मुळापेक्षा निदान २५ टक्के लहान किंवा मोठी असावी लागते आणि ती प्रत आहे हे खाली लिहावं लागतं. मूळ कागदाशिवाय सगळीच पानं भरलीत तर गुण कापले जातील, म्हणून निदान तुमच्या स्वतःच्या कुटुंबातले कागद मूळ रूपात लावा. पासपोर्टधारकाचं नाव लिहायचं की नाही, हे त्याला विचारून ठरवा. बहुतेकांना लिहिलेलं आवडतं.